लोहाची सलाईन: प्रौढ रुग्णाला शिरेतून लोह देताना परिचारिकेने घ्यायची काळजी

मराठवाड्यातील एखाद्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या महिला वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला पहिल्या काही आठवड्यांतच तपकिरी रंगाची एक छोटी सलाईन लावावी लागते. रुग्ण तिला ‘रक्तवाढीची सलाईन’ म्हणतात आणि केस पेपरवर आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सीमाल्टोज असे नाव लिहिलेले असते. काम वरवर पाहता सोपे दिसते. शीर शोधायची, सलाईन चालू करायची, संपली की काढायची. ही सलाईन अर्ध्या तासाची असते आणि तो अर्धा तास रुग्णाच्या जवळ काढायचा असतो, हे मात्र नव्या मुलींना कोणी आवर्जून सांगत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेख नव्याने काम सुरू करणाऱ्या परिचारिका आणि परिचारकांसाठी लिहीत आहे. डोस आणि औषध ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे. आपल्या हातात असते ती पडताळणी, देखरेख आणि रुग्णाशी होणारे बोलणे.

ही सलाईन कोणासाठी असते

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली (मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली) आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. एवढ्या सगळ्यांना सलाईन लागत नाही. बहुतेकांचे काम लोहाच्या गोळीने भागते आणि पहिला मार्ग गोळीचाच असला पाहिजे. गोळीने मळमळ आणि पोटदुखी होऊन ती सोडून दिली असेल, महिना-दीड महिना नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलले नसेल, आतड्याच्या आजारामुळे लोह शोषले जात नसेल, पाळीत किंवा मूळव्याधीत भरून निघणार नाही एवढे रक्त जात असेल, गरोदरपणाचे दिवस भरत आले असतील आणि हाताशी वेळ नसेल, तेव्हा डॉक्टर शिरेतून लोह देण्याचा निर्णय घेतात. डायलिसिसच्या रुग्णांना ते डायलिसिसच्या वेळीच दिले जाते आणि त्याची पद्धत त्या विभागात शिकावी.

आपल्या भागात आणखी एक कारण असते आणि ते केस पेपरवर लिहिलेले नसते. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाची गाडी पुढच्या आठवड्यात निघणार असेल तर त्या बाईला सहा वेळा रुग्णालयात बोलावण्याला काही अर्थ नसतो. ती किती वेळा येऊ शकेल, कधी निघणार आहे, तिकडे जवळ दवाखाना आहे का, हे डॉक्टर विचारतीलच असे नाही. ते आपण विचारून डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण कोणते औषध निवडायचे ते पुष्कळदा या उत्तरावरच ठरते.

हिमोग्लोबिन ५ च्या खाली असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, पायांवर सूज आणि नाडी फार जलद असेल, तर लोहाच्या सलाईनची तयारी करत बसू नये. अशा रुग्णाला रक्त चढवण्याची गरज असू शकते. तिच्यात लोहाचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि तेवढा वेळ तिच्याकडे नसतो. डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

नाव वाचणे आणि वजन करणे

आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सीमाल्टोज ही दोन्ही औषधे तपकिरी दिसतात, दोन्हींना वॉर्डात ‘आयर्न’ म्हटले जाते आणि एकाच कपाटात ती शेजारी ठेवलेली असतात. त्यांची एका वेळची मर्यादा मात्र अगदी वेगळी आहे. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि आठवड्यातून जास्तीत जास्त तीन वेळा दिले जाते. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज आठवड्यातून एकदा १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. तोंडी आदेशात नुसते ‘आयर्न हजार’ असे ऐकू आले आणि हाताला सुक्रोजचे अँप्यूल लागले, तर मर्यादेच्या पाचपट डोस जाईल. म्हणून औषधाचे पूर्ण नाव, मिलिग्रॅम, किती मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये आणि किती वेळात, या चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय अँप्यूल फोडू नये. डॉक्टर घाईत असले तरी थांबून विचारावे. आपल्या प्रश्नाने कोणी क्षणभर चिडले तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होते. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजची १,००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. ती प्रत्येकाला द्यायची मात्रा नव्हे. सलाईनमधून देताना एका वेळी किलोमागे २० मिलिग्रॅम आणि गरोदरपणात किलोमागे १५ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त जाऊ नये. काही माहितीपत्रकांत कमी वजनाच्या सर्वच रुग्णांसाठी १५ ची मर्यादा दिलेली असते. खोक्यातील माहितीपत्रक वाचावे आणि जी मर्यादा कमी असेल ती डॉक्टरांना दाखवावी. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचे वजन ३८-४० किलोच्या आसपास असते. ३८ किलोच्या स्त्रीसाठी २० च्या हिशोबाने मर्यादा ७६० मिलिग्रॅम होते आणि १५ च्या हिशोबाने ५७०. तिला सरसकट ‘दोन व्हायल’ म्हणजे १,००० मिलिग्रॅम लावणे चूक आहे. रुग्णाला ‘वजन किती?’ असे विचारून आलेला आकडा लिहू नये. चपला काढून काट्यावर उभे करावे आणि तो आकडा केस पेपरवर टाकावा.

एकूण किती लोह लागेल याचे ढोबळ गणित डॉक्टर असे करतात: किलोमधील वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, आणि त्यात शरीराच्या साठ्यासाठी ५०० मिलिग्रॅम मिळवायचे. वजन ४० किलो, हिमोग्लोबिन ७ आणि गाठायचे १३ असेल, तर ४० गुणिले ६ गुणिले २.४ म्हणजे ५७६, अधिक ५०० म्हणजे १,०७६ मिलिग्रॅम. सुक्रोजने हे पुरे करायला पाच-सहा खेपा लागतात. कार्बोक्सीमाल्टोजने आठवड्याच्या अंतराने दोन. हे गणित परिचारिकेला यायला हवे, कारण तिसऱ्या खेपेनंतर बरे वाटू लागलेली बाई ‘आता कशाला?’ म्हणते तेव्हा तिला अजून किती उरले आहे ते आकड्यात सांगता येते.

सुई टोचण्याआधी विचारायचे प्रश्न

यापूर्वी लोहाचे इंजेक्शन किंवा सलाईन घेतली होती का, आणि तेव्हा काय झाले, हा पहिला प्रश्न. ‘मागं घेतली होती, तवा लई थंडी वाजून आली’ असे उत्तर आले तर तेथेच थांबून डॉक्टरांना कळवावे. दमा, अंगावर गांधी उठण्याची सवय, अनेक औषधांची अॅलर्जी, संधिवातासारखा सांध्यांचा दाहाचा आजार असलेल्या रुग्णांत प्रतिक्रियेचा धोका जास्त असतो. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असेल तर सलाईन पुढे ढकलण्याबाबत विचारावे. गरोदर स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत, म्हणून शेवटच्या पाळीची तारीख प्रत्येक प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला विचारावी, अगदी ‘पाळीत फार रक्त जाते’ म्हणून आलेल्या स्त्रीलाही.

रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच आहे, हे तपासणीत दिसले आहे का तेही पाहावे. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, झाली असेल तर उत्तम. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर भागातून आलेल्या रुग्णांना सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे विचारायला विसरू नये. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते आणि वरून लोह दिल्याने अपाय होतो.

उपाशी येण्याची गरज नसते, हे भेटीची तारीख देतानाच सांगावे. तरीही सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र असे उपवास धरून, सकाळच्या पहिल्या एसटीने निघून, मे महिन्यातील ४० अंशांच्या उन्हात बायका येऊन बसतात. शिरा बसलेल्या असतात आणि सलाईन चालू असताना भोवळ आली की ती औषधाची प्रतिक्रिया आहे की उपवासाची, हेच कळेनासे होते. उपवासाला चालणारे काही खाऊ घालावे, दोन ग्लास पाणी पाजावे आणि मग सुई हातात घ्यावी.

लोहाची गोळी चालू असल्यास ती सलाईनच्या काळात बंद ठेवायची असते, आणि शेवटच्या खेपेनंतर किमान पाच दिवस तरी सुरू करायची नसते.

शीर, हात आणि पदर

या औषधाची सर्वांत मोठी नाहक इजा म्हणजे डाग. लोह शिरेबाहेर कातडीखाली गेले की तेथे तपकिरी-काळपट डाग पडतो. तो महिनोन्‌महिने टिकतो आणि कित्येकदा आयुष्यभर जात नाही. तो पुसणारे औषध नाही. म्हणून लेखातील हा भाग सावकाश वाचावा.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात माझ्याकडून हे घडले आहे. तिशीतली एक बाई होती, आदल्या दिवशीची सुई हातात तशीच होती, सलाईन ‘चालत’ होती, म्हणून मी तिच्यातूनच लोह सुरू केले आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. थंडीचे दिवस होते. तिने हात पदराखाली घेतला होता. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा तिने अगदी हळू आवाजात सांगितले, ‘बाई, हाताची आग आग व्हायली.’ पदर बाजूला केला तर मनगटाच्या वर, तळहाताएवढी जागा फुगून ताणलेली होती आणि कातडीखाली चहाच्या चोथ्यासारखा रंग पसरत होता. आधी का सांगितले नाही असे मी विचारले, तर ती म्हणाली, ‘तुम्ही कामात होता, कशाला तरास द्यावा.’ पुढे ती जेव्हा जेव्हा तपासणीला आली तेव्हा तो हात पदरात लपवूनच बसायची. तिच्या त्या हातावरून मी जे शिकले ते पुढे लिहीत आहे.

लोहासाठी प्रत्येक वेळी नवी सुई टाकावी. आदल्या दिवशीची, दुसऱ्या वॉर्डातून आलेली किंवा एकदा सुजलेल्या शिरेतील सुई वापरू नये. कोपराचा खळगा आणि मनगट टाळावे, कारण सांधा वाकला की सुई हलते. कोपर आणि मनगट यांच्या मधली, सरळ, दाबल्यावर उसळणारी शीर निवडावी. २२ क्रमांकाची सुई बहुतेकांना पुरते, शीर चांगली असेल तर २०. एका शिरेत पहिला प्रयत्न फसला तर त्याच हाताच्या खालच्या भागात दुसरा करू नये, कारण वरच्या छिद्रातून औषध बाहेर झिरपू शकते. दुसरा हात घ्यावा. दोन प्रयत्नांत जमले नाही तर अनुभवी सहकाऱ्याला बोलवावे. यात कमीपणा नाही.

सुई बसल्यावर रक्त परत येते का पाहावे आणि १० मिलिलिटर नॉर्मल सलाईन हाताने सावकाश सोडून सुईच्या टोकावर बोट ठेवून जागा फुगते का, गार लागते का, दुखते का, हे बघावे. शंका आली तर सुई काढून टाकावी. पारदर्शक चिकटपट्टी असेल तर ती लावावी आणि नसेल तर साधी पट्टी अशी लावावी की टोकावरची कातडी उघडी दिसेल. चादर, शाल, पदर, स्वेटरची बाही, यांपैकी काहीही त्या हातावर असू नये. थंडी वाजत असेल तर बाकीचे अंग पांघरावे. बांगड्या घट्ट असतील तर विनंती करून वर सरकवाव्यात.

यानंतर रुग्णाच्या डोळ्यांकडे बघून तिला सांगावे: ‘ताई, हाताला आग झाली, दुखलं, ओढल्यासारखं झालं किंवा फुगलं, तर लगेच हाक मारायची. मी कामात असले तरी हाक मारायची. उशीर झाला तर हातावर कायमचा डाग राहतो.’ डागाची गोष्ट आधीच सांगितल्याने रुग्ण घाबरतील असे काहींना वाटते. माझा अनुभव उलट आहे. कारण कळले की रुग्ण त्या हातावर स्वतः लक्ष ठेवतात. सोबतच्या नातेवाइकालाही तेच काम द्यावे. संमती घेतानाही डागाचा उल्लेख हवा.

एवढे करूनही औषध बाहेर गेल्याचे दिसले तर सलाईन त्या क्षणी बंद करावी. त्या सुईतून धुण्यासाठी आणखी सलाईन सोडू नये, त्याने औषध कातडीखाली आणखी पसरते. नळी काढून, सुईतून सिरिंजने जेवढे मागे ओढता येईल तेवढे ओढावे आणि मग सुई काढावी. जागा चोळू नये, दाबून मालिश करू नये. हात उशीवर उंच ठेवून कापडात गुंडाळलेला थंड शेक द्यावा, डॉक्टरांना बोलवावे, डागाची कड पेनाने आखून माप आणि वेळ लिहावी. रुग्णाला खरे काय झाले ते स्पष्ट सांगावे.

मिसळणे आणि थेंब

मिसळायचे ते फक्त ०.९ टक्के नॉर्मल सलाईनमध्ये. डेक्स्ट्रोज किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) नाही, आणि त्याच बाटलीत जीवनसत्त्वे किंवा दुसरे कोणतेही इंजेक्शन नाही. अँप्यूल उजेडात धरून तळाशी गाळ नाही ना पाहावे आणि मिसळल्यावर लगेच वापरावे.

जास्त पाण्यात मिसळले की औषध ‘सौम्य’ होते, हा समज चुकीचा आहे. प्रमाणाबाहेर पातळ केल्यास औषध टिकून राहत नाही. २०० मिलिग्रॅम सुक्रोज १०० ते २०० मिलिलिटरमध्ये, ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे कार्बोक्सीमाल्टोज १०० मिलिलिटरमध्ये आणि त्याहून जास्त, १,००० पर्यंत, २५० मिलिलिटरमध्ये मिसळावे. ५०० मिलिलिटरची बाटली हाताशी आहे म्हणून तीत टाकू नये.

वेळेचा हिशोब थेंबांत करावा. २०० मिलिग्रॅम सुक्रोज १०० मिलिलिटरमध्ये घालून ३० मिनिटांत द्यायचे असेल आणि सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा असेल, तर २,००० थेंब भागिले ३० म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ थेंब होतात. सेटच्या पाकिटावर थेंबांची संख्या छापलेली असते. कार्बोक्सीमाल्टोजच्या ५०० ते १,००० मिलिग्रॅमला किमान १५ मिनिटे लागतात. पहिल्यांदाच घेणाऱ्या किंवा अॅलर्जीचा इतिहास असलेल्या रुग्णाला डॉक्टरांना विचारून याहून सावकाश द्यावे. कोणत्याही रुग्णाला सुरुवातीची पाच मिनिटे थेंब कमी ठेवणे मला योग्य वाटते. एसटी चुकेल म्हणून वेग वाढवण्याची विनंती रुग्ण करतात. ती मान्य करू नये. त्याऐवजी सकाळी तिचा नंबर आधी लावावा.

जुन्या आयर्न डेक्स्ट्रानच्या काळापासून आधी थोडे औषध देऊन पाहण्याची, म्हणजे टेस्ट डोसची, सवय अनेक ठिकाणी आहे. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्येच ती पद्धत भरवशाची नसल्याचे सांगितले, कारण टेस्ट डोस निर्धोक गेलेल्या रुग्णालाही पुढे तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. त्याऐवजी प्रत्येक डोसच्या वेळी, मग तो पहिला असो की पाचवा, पूर्ण देखरेख आणि नंतर किमान ३० मिनिटे निरीक्षण करावे, असे त्या संस्थेने म्हटले. आयर्न डेक्स्ट्रानची गोष्ट वेगळी आहे. ते क्वचित वापरात असलेच तर त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे वागावे.

प्रतिक्रिया ओळखणे

सुरू करण्याआधी नाडी, बीपी, श्वास, तापमान आणि ऑक्सिजनचे प्रमाण लिहावे. गरोदर स्त्रीत बाळाचे ठोके ऐकावेत, आणि ते सलाईन संपल्यावर पुन्हा ऐकावेत. इमर्जन्सी ट्रे कपाटात कुलपात नको, खाटेजवळ हवा: अॅड्रेनॅलिनचे मुदतीतील अँप्यूल, २ मिलिलिटरची सिरिंज, ऑक्सिजन आणि मास्क, नॉर्मल सलाईनच्या दोन बाटल्या, सक्शन. ट्रे पाहून घेतल्याशिवाय आणि डॉक्टर आवारात असल्याची खात्री केल्याशिवाय सलाईन सुरू करू नये.

पहिली पाच ते दहा मिनिटे खाटेजवळून हलू नये. नंतर १५ मिनिटांनी, संपताना आणि संपल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा सर्व मोजमापे घ्यावीत.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो एका सौम्य प्रतिक्रियेने. सुरू केल्यावर काही मिनिटांतच चेहरा आणि कान लाल होतात, अंगातून गरम वाफ गेल्यासारखे वाटते, छाती आवळते, पाठ किंवा कंबर एकाएकी दुखू लागते. रुग्ण घाबरतो आणि आपणही घाबरतो. अशा वेळी सलाईन बंद करावी, सुई तशीच ठेवावी आणि शांतपणे पाच गोष्टी पाहाव्यात: बीपी पडले आहे का, छातीत घुरघुर आहे का, आवाज घोगरा झाला का, ओठ-पापण्या-जीभ सुजली का, अंगावर गांधी आहेत का. यांपैकी काहीही नसेल तर ही बहुधा लोहामुळे होणारी तात्पुरती प्रतिक्रिया असते आणि ती १०-१५ मिनिटांत आपोआप ओसरते. डॉक्टरांनी तपासल्यावर त्यांच्या सांगण्यावरून तीच सलाईन अगदी सावकाश पुन्हा सुरू करता येते.

येथे आपल्या वॉर्डातील एका सवयीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. काहीही झाले की एव्हिल (अॅलर्जीवरचे इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) देण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि काही ठिकाणी तर लोह देण्याआधीच सरसकट एव्हिल दिले जाते. एव्हिलने झोप येते, बीपी उतरू शकते, नाडी वाढू शकते. मग साध्या, थांबून ओसरली असती अशा प्रतिक्रियेचे रूप गंभीर प्रतिक्रियेसारखे होते आणि पुढचा निर्णय चुकतो. म्हणून लोहाच्या आधी एव्हिल नेहमीचे म्हणून देऊ नये, आणि सौम्य प्रतिक्रियेत ते आपल्या मनाने भरू नये. आदेश आला तर नम्रपणे डॉक्टरांशी बोलावे.

वरच्या पाचांपैकी एखादी गोष्ट दिसली, विशेषतः बीपी पडले किंवा श्वासाला त्रास झाला, तर ती अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जीची प्रतिक्रिया, समजून वागावे. ती दुर्मीळ आहे, पण मिनिटांचा खेळ आहे. सलाईन बंद करून मोठ्याने मदत मागावी. अॅड्रेनॅलिन, १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेले, प्रौढाला ०.५ मिलिलिटर मांडीच्या मधल्या बाहेरच्या भागात स्नायूमध्ये द्यावे. शिरेतून नव्हे आणि कातडीखाली नव्हे. या इंजेक्शनसाठी लेखी स्थायी आदेश वॉर्डात आधीच असावा, म्हणजे डॉक्टर येईपर्यंत थांबावे लागत नाही. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. धाप असेल तर टेकवून बसवावे, गरोदर असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. कोणत्याही परिस्थितीत उठवून चालवू नये. ऑक्सिजन लावावा, दुसऱ्या नव्या सेटने नॉर्मल सलाईन वेगाने चालू करावी. ५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरे अॅड्रेनॅलिन. एव्हिल आणि स्टेरॉइड ही नंतरची औषधे आहेत, अॅड्रेनॅलिनच्या जागी ती चालत नाहीत. छोट्या रुग्णालयात असाल तर एकीकडे उपचार चालू असतानाच १०८ ला फोन लावावा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरच्या घाटीपर्यंतचा रस्ता किती वेळ घेतो, हे आपल्याला आधीच ठाऊक असावे.

प्रत्येक प्रतिक्रियेची नोंद वेळेसह आणि औषधाच्या बॅच क्रमांकासह करावी आणि ती राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाला कळवावी. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा विनाशुल्क क्रमांक आहे आणि परिचारिकाही तेथे कळवू शकते.

घरी पाठवताना

औषध संपल्यावर १०-२० मिलिलिटर नॉर्मल सलाईनने नळी धुवावी, मगच सुई काढावी आणि दोन-तीन मिनिटे दाबून धरावे. नाहीतर नळीतील उरलेले लोह सुई निघताना कातडीत सांडते. अर्धा तास बसवून ठेवावे. तो वेळ बोलण्यासाठी वापरावा.

पुढचे दोन-चार दिवस अंग मोडून येणे, सांधे दुखणे, बारीक ताप, डोके दुखणे, तोंडाला लोखंडासारखी चव येणे असे होऊ शकते. पॅरासिटामॉलने बरे वाटते. हे आधी सांगितले नाही तर ‘सलाईन बाधली’ असे म्हणत रुग्ण पुढच्या खेपेला येत नाही. मात्र धाप, चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी किंवा चक्कर आली तर रात्र असली तरी लगेच यावे. कार्बोक्सीमाल्टोजच्या विशेषतः दोन-तीन डोसनंतर रक्तातील फॉस्फेट उतरू शकते. हिमोग्लोबिन वाढूनही बाई ‘अंगात त्राणच नाही, हाडं दुखायलीत’ म्हणत असेल तर ती तक्रार झटकून न टाकता फॉस्फेटच्या तपासणीसाठी डॉक्टरांना सांगावी.

लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, हे अनेकांना ठाऊक असते. सलाईनने तसे होत नाही. गोळ्या बंद होऊन आठवडा झाल्यावरही काळे होत असेल तर ते आतून रक्त जात असल्याचे लक्षण असू शकते, म्हणून येऊन दाखवायला सांगावे.

आहाराबद्दल बोलताना तिच्या घरात जे शिजते त्याबद्दलच बोलावे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, तिळाची चटणी, हरभरा, मटकी, चालत असेल तर मटण-कलेजी. वरून लिंबू पिळावे किंवा आवळा, पेरू खावा, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा नको, तासाभराने चालेल. ही एवढी एक गोष्ट बदलायला सर्वांत अवघड जाते.

रक्त कशाने कमी झाले याचा शोध लागला का, हे केस पेपरवर पाहावे. पाळीत किती पॅड किंवा कपडे लागतात, गाठी पडतात का, मूळव्याध आहे का, अंगदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या जातात का, जंताची गोळी शेवटची कधी घेतली. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता असेल तर पोटाची आणि आतड्याची तपासणी व्हायलाच हवी, कारण तेथे अल्सर किंवा कर्करोग असू शकतो. असा रुग्ण सलाईन घेऊन, बरे वाटले म्हणून, परस्पर घरी जाताना दिसला तर त्याला थांबवून डॉक्टरांकडे न्यावे.

हिमोग्लोबिन साधारण चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे. एक-दोन ग्रॅमची वाढ तोवर दिसायला हवी. दिसली नाही तर रक्त अजून जात आहे, किंवा बी-१२ सारखी दुसरी कमतरता आहे, किंवा निदानच वेगळे आहे. फेरिटिन मात्र लगेच तपासू नये, सलाईननंतरचे काही आठवडे ते खोटे वाढलेले दिसते. आठ ते बारा आठवड्यांनी तपासलेले खरे मानावे.

गाव सोडून जाणाऱ्या रुग्णाला तोंडी तारीख सांगून भागत नाही. एका कार्डावर औषधाचे नाव, दिलेले मिलिग्रॅम, तारीख, त्या दिवशीचे वजन आणि हिमोग्लोबिन, उरलेला डोस आणि पुढील तपासणीची तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. सलाईनला काही प्रतिक्रिया आली असल्यास ती लाल पेनाने लिहावी. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डासोबत ठेवायला सांगावे, म्हणजे फडावर किंवा कारखान्याजवळच्या दवाखान्यात ते दाखवता येते. तेथील सिस्टर तेवढ्या माहितीवर पुढचे काम सुरू करू शकते. गावच्या आशाताईंना फोन करून त्या कुटुंबाची परतीची वेळ विचारून घ्यावी आणि आपल्या वहीत त्या महिन्यासमोर नाव लिहून ठेवावे.